एक काठी आणि सगळ्या इयत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या वर्गात काय घ्यावे, हा प्रश्न शिक्षकाला रोज पडतो. पहिलीसाठी एक उपक्रम, सातवीसाठी दुसरा, विज्ञानासाठी तिसरा असे गोळा करत गेले की साहित्य जमवण्यातच शक्ती खर्च होते आणि मुलांना नेमके काय विचारायचे, याचा विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून मी असे सुचवते की वस्तू एकच घ्यावी आणि इयत्तेनुसार, विषयानुसार तिच्याविषयीचा प्रश्न बदलावा. आज त्यासाठी एक मीटर लांबीची सरळ काठी पुरेशी आहे. ती ओळंबा लावून मैदानात उभी करायची आणि तिची सावली पाहायची. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तर काठीही नको, त्यांचे स्वतःचे शरीर पुरते. सकाळी एका मुलाला उभे करून त्याच्या पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ ओढावी आणि विचारावे, ‘दुपारी याच पावलांवर उभा राहिलास तर सावली कुठे पडेल?’ प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या जागी एक खडा ठेवावा. हा खडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अंदाज बांधलेले मूल दुपारी आपणहून धावत मैदानात येते, तर आधीच उत्तर ऐकलेले मूल केवळ रांगेत येते. अनेक वर्षे मी उत्तर आधी सांगून टाकत असे आणि त्यामुळे मुलांचे किती नुकसान झाले, हे मला उशिरा कळले. नंतर मुलांना आपल्या सावलीचे चित्र काढायला सांगावे. काही जण सावलीला डोळे आणि तोंड काढतात. तिथे त्यांना चूक म्हणून थांबवू नये. आरसा आणि भिंतीवरची सावली शेजारी-शेजारी दाखवावी. प्रतिबिंब आणि सावली यांतला फरक मुले स्वतःच शोधतात, आणि भाषेच्या तासाला सावली, छाया, पडछाया हे शब्द कुठे कसे वापरतात, याची चर्चा तिथूनच सुरू होते.

पाचवी ते सातवीला मोजणी हवी. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खूण करून लांबी वहीत नोंदवावी आणि तिचा आलेख काढावा. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजता सहसा पडत नाही, हे पाहून मुले चकित होतात. घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ वेगळी असू शकते, हा भूगोलाचा धडा त्यांना इथे डोळ्यांनी दिसतो. त्याच आखूड सावलीची रेषा उत्तर-दक्षिण असते, तेव्हा होकायंत्र नसले तरी दिशा ठरतात. गणिताच्या तासाला गुणोत्तर घ्यावे: एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर असताना झाडाची सावली ६ मीटर ४० सेंटिमीटर भरली, तर झाड ८ मीटर उंच. झाडावर न चढता हे उत्तर काढता आले, याचा मुलांना होणारा आनंद खरा असतो.

नववी-दहावीला याच काठीने थेट पृथ्वी मोजता येते. इसवी सनपूर्व २४० च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने हेच केले. दक्षिणेकडील सायीनी नगरात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यावरून ७.२ अंश कललेला असल्याचे सावलीवरून निघाले. हा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग आहे. दोन नगरांतले अंतर त्याने ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे लांबीचे प्राचीन ग्रीक माप) धरले आणि पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया काढला. ही गोष्ट फळ्यावर सांगून सोडू नये. उत्तर-दक्षिण रेषेवर दूर असलेल्या दुसऱ्या शाळेशी संपर्क साधावा, एकाच दिवशी दोन्हीकडे आपापली सर्वांत आखूड सावली मोजावी आणि स्पर्शज्येच्या (टॅन्जंटच्या) कोष्टकावरून कोन काढावेत. अंतर ५५५ किलोमीटर आणि कोनांतला फरक ५ अंश, म्हणजे वर्तुळाचा बहात्तरावा भाग, असेल, तर अंतराला ७२ ने गुणून ३९,९६० किलोमीटर येतात. प्रत्यक्षातला परीघ सुमारे ४०,००० आहे. मुलांचे उत्तर इतके जवळ येईलच असे नाही, पण काठी किंचित कलली होती का, मोजपट्टी सैल होती का, हा शोध घेणे हाही विज्ञानाचा पाठच आहे.

इतिहास आणि चित्रकलेबद्दल थोडक्यात सांगते. गॅलिलिओने चंद्रावरच्या पर्वतांची उंची तिथल्या प्रकाश-सावलीवरून अजमावली, ती हकीकत मोठ्या मुलांनी चंद्राची छायाचित्रे पाहत समजून घ्यावी. कोळशाने छायांकन करताना प्रकाश कुठून येतो, हे आधी ठरवायला लहानांना शिकवावे.

ज्या शाळेत एकच शिक्षक तीन-चार इयत्ता सांभाळतो, तिथे याचा विशेष उपयोग आहे. मैदान एक, काठी एक. लहान मुले रेघ ओढतात, मधली मोजतात, मोठी हिशेब करतात आणि एकमेकांचे काम पाहत राहतात.

आकाश ढगाळ असेल तर वर्गात टॉर्च घ्यावा आणि तो वर-खाली करून सावली का लांबते, ते पाहावे. आणि जमल्यास एक काम वर्षभर चालू ठेवावे: दर आठवड्याला, घड्याळाच्या त्याच वेळी, त्याच काठीच्या सावलीच्या टोकाशी एक खूण करून तिच्यावर तारीख लिहावी. खुणा एकाच जागी पडत नाहीत. वर्ष सरेल तेव्हा त्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी लांबट आकृती उमटलेली असेल, आणि ती तशीच का झाली, हे मुले तुम्हाला विचारायला येतील.

नमस्कार.