माळवद उतरल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्यात माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर खणांत मोजायचे, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कुणाचं पाच खणांचं माळवद, कुणाचं सात खणांचं. आता गावोगाव ती माळवदं उतरवून स्लॅब पडतोय. घर गळू नये, याला कुणाची ना असणार? पण सागवानी खांब, तुळया, दारं ट्रॅक्टरमध्ये भरून मिळेल त्या भावानं जातात, आणि त्याच घरात हप्त्यावर चकचकीत कपाट येतं. भुसा रासायनिक गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचं. पाणी लागलं की ती फळी फुगते. एकदा उपसलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धड बसत नाही. मग दुरुस्ती करायची कशी? नवीनच घ्यावं लागतं.

तेयो रेमी या डच कलाकारानं 1991 साली जुने, टाकून दिलेले ड्रॉवर गोळा केले. माप वेगळं, रंग वेगळा, मुठी वेगळ्या. प्रत्येकाला नवी लाकडी पेटी केली, सगळे वाकडेतिकडे एकमेकांवर रचले आणि भोवती एक पट्टा आवळला. झालं कपाट! एकसारखं दिसावं म्हणून त्यानं सगळ्यांना एकच रंग फासला नाही. गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा लुगड्याचाच दिसतो ना, तसं. ते कपाट बघताना मनात येतंच, कप्पे शाबूत होते, तर टाकले कशाला?

हा प्रश्न आपल्या आठवडी बाजारात उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं. चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींनो, उतरलेल्या माळवदाचं एक दार घ्या. गावातल्या सुतारमामांना सोबत घेऊन त्याचं टेबल करा. कडी-कोयंडा राहू द्या, खिळ्यांची भोकं बुजवू नका. शेजारी भुशाच्या फळीचा फुगलेला तुकडा ठेवा. पाटी लावायची गरज नाही. लोक हात लावतील, ठोकून बघतील, भाव विचारतील.

लाकूड आधी कडक उन्हात ठेवा. बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर कीड अजून जिवंत असू शकते, तिचा बंदोबस्त आधी. मग लाकूड घासून त्याला उकळलेलं, म्हणजे दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल पातळ हातानं लावा. आणि एक सांभाळा, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.