वहीत खोटं लिहू नका

पंखा जरा कमी करता का, माईकमध्ये त्याचाच आवाज येतोय... हां, आता ठीक आहे. मागे उभ्या असलेल्या काकू, पुढे या, खुर्च्या आहेत. सासवांना आणि आयांना सोबत घेऊन या असं मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण गरोदरपणात शुगर पोरीला निघते पण ताटात काय पडणार हे बहुतेक घरांत तुम्ही ठरवता, त्यामुळे आज अर्धं बोलणं तुमच्याशीच आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, बारा वर्षं हेच काम करतेय. पण आज त्यासाठी नाही आले. मला स्वतःला सव्विसाव्या आठवड्यात शुगर निघाली होती आणि मी, जी रोज दहा बायकांना डाएट चार्ट लिहून द्यायची ती, घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले. पहिला विचार काय आला सांगू? लोक काय म्हणतील, हिलाच झाली म्हणे!

ती टेस्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणींची झाली असेल. ७५ ग्रॅम ग्लुकोज, साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, त्यातली साखर १४० किंवा त्याच्या वर आली की गरोदरपणातला डायबेटिस. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात हीच पद्धत आहे आणि यात उपाशीपोटी यावं लागत नाही, जेवून आलात तरी चालतं. चेन्नईचे डॉ. शेषय्या यांनी या साध्या टेस्टचा आग्रह धरला, आणि मला ते फार पटतं, कारण वाडीवरून एसटी पकडून येणारी पोटुशी बाई उपाशी कशी येणार, आणि उद्या परत ये म्हटलं तर ती येणारच नाही. त्यांचा वाढदिवस १० मार्च, तो आपल्या देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. आणि हो, ही टेस्ट दोनदा असते, पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका, माझी पहिली एकदम छान आली होती.

आता हे होतं का? तुम्ही पेढे खाल्ले म्हणून नाही. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जे हार्मोन्स सुटतात ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, बाळाला साखर मिळत राहावी म्हणून शरीराने केलेली सोय आहे ती. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भागवून नेतं, काहींचं कमी पडतं, बस एवढंच. मग आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं आणि अंगावर चरबी धरतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखर बंद, इन्सुलिन मात्र अजून चालू, म्हणून बाळाची शुगर खाली जाऊ शकते. पहिल्या काही तासांत नर्स बाळाच्या टाचेला टोचतात ते यासाठी, तेव्हा घाबरून त्यांच्यावर ओरडू नका. आणि लवकरात लवकर अंगावर पाजा.

'अहो पण मी तर बारीक आहे' हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास, पण मोजून बघितलं तर आपली बाळं स्नायूंनी बारीक आणि चरबीच्या बाबतीत मात्र फारशी मागे नाहीत. दिसायला काडी, आत चरबी. म्हणजे वजनकाट्यावर विसंबून आपल्याला काही होणार नाही असं धरून चालू नका.

आता ज्यासाठी आले ते. वही.

शुगरची टार्गेट सगळ्यांना पाठ आहेत, उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. दिवसातून चार वेळा बोटाला टोचायचं, शुगरच्या मीटरवर आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझी दुपारची शुगर १६३ आली. नणंदेकडे जेवण होतं, पुलाव, वर एक गुलाबजाम, मी नको म्हटलं नाही. आणि वहीत मी लिहिलं ११८. हात थरथरला नाही की काही नाही, सरळ लिहून टाकलं, शाळेत प्रगतीपुस्तकावर सही करायचो ना आपणच, तसं. असं तीनदा केलं. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी वही बघितली, मग म्हणाल्या मीटर द्या, आणि बटण दाबून मेमरी बघायला लागल्या. मीटरमध्ये सगळं साठतं हो! मला माहीत होतं, मी स्वतः पेशंटचं बघते, तरी. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की या ११८ वर मी औषधाचा डोस ठरवणार होते.

तिथे मला कळलं की मी वही परीक्षेसारखी भरत होते. आणि मी एकटी नाही, हे आज बारा वर्षांच्या कामावरून सांगते, ज्या वहीत सगळे आकडे ११० ते ११९ मध्येच आहेत ती वही मी आता बाजूला ठेवते आणि चहा मागवते, मग बाई बोलायला लागते. बहुतेक वेळा घरात कोणीतरी आकड्यावरून बोललेलं असतं. 'काय खाल्लंस गं?' हा प्रश्न, सासूबाई, तुम्ही काळजीनेच विचारता, पण तिला तो पोलीस चौकीतला वाटतो. त्याऐवजी विचारा, उद्या नाश्त्याला काय करून बघायचं?

कारण मीटरचा खरा उपयोग तोच आहे. मला पोह्यांनी १५०च्या वर जायची, मूठभर मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घातले, पोहे निम्मे केले, की १२८. दोन भाकऱ्यांना जमायचं, भात त्याच्यावर घेतला की नाही जमायचं. माझ्या एका पेशंटला उलट, थोडा भात पचतो पण सकाळचा चहा आणि चार बिस्किटं नडतात. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र अजून कोणाच्याच मीटरला आवडलेली मी पाहिली नाही, देवाला नमस्कार करा आणि यावर्षी चतुर्थी सोडा. जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात नाहीतर गच्चीवर फेऱ्या, याने किती फरक पडतो ते स्वतःच टोचून बघा.

हात मात्र धुवा, साबणाने. मे महिन्यात एकीचा घाबरून फोन आला, ताई २४०! विचारलं काय करत होतीस, तर आंबे चिरत होते. हात धुऊन, पुसून परत टोच म्हटलं. ११२. बोटावरचा हापूस मोजला होता तिने. आणि बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचा, कमी दुखतं. खर्चाचंही बोलायला पाहिजे, मीटरच्या स्ट्रिप स्वस्त नाहीत, रोजच्या चार म्हणजे महिन्याला चांगलीच रक्कम होते, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की परवडत नाही, ते कुठल्या वेळा महत्त्वाच्या ते ठरवून देतील. लाजून स्ट्रिप वाचवायच्या आणि वहीत अंदाजे आकडे टाकायचे, हे नको.

सकाळच्या उपाशीपोटी शुगरबद्दल एक. ती सगळ्यात हट्टी. रात्रभर तुम्ही काही खात नाही तरी सकाळी ९९, १०२, कारण पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं. बायका मग रात्रीचं जेवण आणखी कमी करतात आणि उपाशी झोपतात, ते करू नका. डाएट दोन आठवडे नीट करून आकडे येत नसतील तर गोळी किंवा इन्सुलिन, कुठलं ते डॉक्टर ठरवतील. मला इन्सुलिन लागलं, रात्रीचं. आईने फोनवर देवाचा धावा केला, इन्सुलिन म्हणजे आता जन्मभराचं असं तिला वाटलं. तसं नसतं. पेनची सुई इतकी बारीक असते की बोटाला टोचण्यापेक्षा कमी लागते. फक्त इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका, खाली फ्रीजच्या दारात ठेवा, आणि हातपाय कापले, घाम आला, मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, त्या वेळी डाएटचा विचार करायचा नाही.

मग जास्तीच्या सोनोग्राफ्या, शेवटी शेवटी पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके बघतात ते, सारखं दवाखान्यात. प्रत्येक वेळी बोलावलं की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. वाढ बघतात, पाणी बघतात, एवढंच बरेचदा. पण बाळाची हालचाल कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, तेव्हाच निघा.

डोहाळजेवण नेमकं याच सुमारास येतं, सातव्या महिन्यात! करा हो, हौस करा, हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा. ताटात पाच गोडाचे पदार्थ मांडले तर फोटो काढा आणि मैत्रिणींना खाऊ द्या. मी एक घास पुरणपोळी खाल्ली, साजूक तुपाबरोबर, आणि एका तासाने टोचलं. १३४. तो आकडा मी वहीत खरा लिहिला, बाजूला 'पुरणपोळी' असंही लिहिलं.

बाळंतपणात वार पडली की बहुतेकींची शुगर एक-दोन दिवसांत जाग्यावर येते, माझं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. आणि मग सगळं विसरलं जातं, डिंकाचे लाडू सुरू, अळीवाची खीर सुरू. सहा आठवड्यांनी परत तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन टेस्ट करायची असते, त्याला माझ्याकडच्या निम्म्या बायका येत नाहीत. बाळाची लस चुकत नाही, आईची टेस्ट चुकते. आणि ज्यांना एकदा ही शुगर झाली त्यांना पुढे कायमचा डायबेटिस व्हायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त, सात पटींपर्यंत सांगतात, म्हणून नंतरही दरवर्षी तपासायचं. मी एक सोपं केलंय, मुलाच्या वाढदिवसाच्या महिन्यातच तपासते, तो जूनमधला आहे. गेल्या जूनमध्ये थोडी काठावर आली होती, घरी आल्यावर ती जुनी वही शोधली, शेवटची पानं कोरीच होती, त्यातच पुढे लिहायला सुरुवात केली.

विचारा आता काय विचारायचं ते. त्या काकूंना आधी माईक द्या, मघापासून हात वर आहे.