राजगडाहून तोरण्याला, एकटीनं

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरातल्या एका पहाटे मी राजगडावर, पद्मावतीच्या देवळात जागी झाले. आजूबाजूला एक मोठा ग्रुप ओळीनं झोपला होता, पण मी त्यांच्यातली नव्हते. मला त्या दिवशी एकटीनं, धारेधारेनं तोरण्याला जायचं होतं आणि दिवस मावळायच्या आत तिथलं मेंगाईचं देऊळ गाठायचं होतं.

आल्प्समध्ये चालणाऱ्यांसाठी डोंगरात मुद्दाम बांधलेले निवारे असतात. एकातून सकाळी निघायचं, संध्याकाळी दुसऱ्यात पोचायचं. सह्याद्रीत आपला निवारा म्हणजे गडावरचं देऊळ, नाहीतर कातळातली एखादी कोरडी गुहा. पद्मावती ते मेंगाई ही अशीच दोन देवळांमधली चाल. एक गड, राजगड, मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधलेला, शिवाजी महाराजांनी रायगडावर जाण्याआधी सुमारे २५ वर्षं राजधानी म्हणून वापरलेला. दुसरा १४०३ मीटर उंचीचा प्रचंडगड, म्हणजेच तोरणा. मधे एक लांबच लांब डोंगरसोंड. दोन्ही गडांवरचं चालणं धरून, थांबे सोडून, सहा ते आठ तास लागतात.

वाट सुरू होते संजीवनी माचीवरून. ही माची मला राजगडावर सगळ्यांत प्रिय आहे. पश्चिमेकडे टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेली, दुहेरी तटबंदीची. दोन तटांमधल्या अरुंद बोळातून उतरताना पायऱ्यांवर हात टेकवावा लागतो आणि पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याची हुशारी तळव्याला कळते. अळू दरवाजातून बाहेर पडलं की घसाऱ्याचा उतार लागतो, मग कारवीचं रान, आणि मग धार. सकाळचं ऊन पाठीवर असतं. तोरणा पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येतं, आणि नेमकी तेव्हाच शेवटची खडी चढण सुरू होते.

धारेच्या मध्यावर खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. एकट्या माणसासाठी हा रस्ता फार मोलाचा. कारण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे मधूनच खाली उतरायची सोपी, खात्रीची वाट नाही. बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले. दिसायला हिरवा उतार, आणि दहा पावलं खाली गेलं की कातळकडा. म्हणून मी आदल्या रात्रीच एका कागदावर लिहून ठेवलं होतं: खिंडीत १२ वाजायच्या आत पोचले तर पुढे, नाहीतर रस्त्यानं तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला.

त्या दिवशी मी खिंडीत पोचले तेव्हा १२ वाजून ४० मिनिटं झाली होती.

संजीवनीवर मी रेंगाळले होतेच. पण खरा वेळ गेला तो दरवाजाखाली. कारवीत एक रुळलेली वाट डावीकडे जात होती, ती पकडली. वीस मिनिटांनी ती दोन झाली, मग चार, मग नाहीशीच झाली. ढोरवाट होती. बरोबर कुणी असतं तर एकानं थांबायचं, दुसऱ्यानं पुढे जाऊन पाहायचं, असं करता येतं. एकटीला तसं करता येत नाही. शेवटची खात्रीची खूण कुठे दिसली होती तिथवर परत जायचं, एवढाच उपाय. मी गेले, पण आधी अर्धा तास मनाशी भांडून.

आता खिंडीतही तेच भांडण. चाळीसच मिनिटं तर उशीर झालाय. पायात दम आहे. समोर तोरण्याच्या बुधला माचीचं टोक हाताशी आल्यासारखं दिसतंय. पण चारातलं अडीच लिटर पाणी संपलं होतं आणि पुढच्या धारेवर भरवशाचं पाणी नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. मी कागद काढला, वाचला आणि रस्त्याला लागले. तो निर्णय आदल्या रात्री शांत डोक्यानं घेतलेला होता, म्हणून पाळता आला. उन्हात बसून नव्यानं घ्यायचा असता, तर मी पुढेच गेले असते, याची मला खात्री आहे.

थोडं चालल्यावर एका दुधाच्या टेम्पोनं वेल्ह्यापर्यंत सोडलं. संध्याकाळी पुणे. घरी जेवले, झोपले.

आणि इथेच मी चुकले. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात ज्या मावशींकडे मी पिठलंभाकरी खाऊन गड चढले होते, त्यांना सांगितलं होतं, "मावशी, पाच वाजेपर्यंत तोरण्यावरून फोन करते." धारेवर रेंज शोधून शोधून माझ्या फोनची बॅटरी दुपारीच संपली होती. घरी आल्यावर तो चार्जिंगला लावला आणि विसरले. सकाळी चालू केला तर नऊ मिस्ड कॉल. मावशींचा मुलगा आणि शेजारचे दोघे रात्री बॅटऱ्या घेऊन राजगड चढले होते. अळू दरवाजापर्यंत जाऊन, हाका मारून, रात्री एक वाजता खाली आले होते.

पुढच्या रविवारी मी गुंजवण्यात गेले. काय बोलायचं ते बसमध्ये दहा वेळा ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मावशी चुलीपुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाट चुकलीस त्याचं काय नाय गं पोरी. वाट कुणीबी चुकतंय. पर सांगायचं नाय व्हय?"

श्रोतेहो, मला लोक विचारतात, एकटीला भीती नाही वाटत? वाटते. कातळात पाय घसरण्याची वाटते, आग्या मोहोळाची वाटते. म्हणून अत्तर, सुगंधी तेल काही लावून मी डोंगरात जात नाही. पावसाळ्यात या धारेवर मी एकटी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका; धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही. आणि ही वाट पहिल्यांदा चालताना तरी कुणी माहीतगार बरोबर असावा, मी स्वतः दोनदा ग्रुपबरोबर गेले होते. पण त्या दिवसापासून या सगळ्याच्या आधी मी एक काम करते. वेळांचा कागद दोन प्रतींत लिहिते. एक घरी, एक पायथ्याच्या गावात. कुठे किती वाजता, परत फिरले तर कुठून, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ या आपत्कालीन नंबरला कळवायचं. फोन धारेवर फ्लाइट मोडवर ठेवते. सॅकमध्ये पॉवर बँक असते.

जानेवारीत मी पुन्हा गेले. साडेसहाला पद्मावती सोडली, संजीवनीवर थांबले नाही, कारवीत ती डावीकडची वाट ओळखली. खिंडीत १० वाजून ५० मिनिटं. पुढच्या चढणीवर धनगराचं घर लागतं, तिथल्या आजींनी ताक दिलं आणि "एकलीच?" एवढंच विचारलं. मग माथ्यावरचं वाळलेलं सोनेरी गवत, वारा, आणि तासभर एकही माणूस नाही. शेवटी कातळ, लोखंडी शिडी, भगत दरवाजा. दरवाजातून आत आल्यावर मागे वळून पाहिलं. राजगडाचा बालेकिल्ला दूर, निळा, आणि तिथपासून माझ्या पायापर्यंत आलेली अख्खी धार. आपण सकाळपासून एवढं चाललो यावर विश्वास बसेना.

मेंगाईच्या देवळापाशी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. सॅक उतरवली, पाणी प्यायच्या आधी फोन लावला.

"मावशी, पोचले."

पलीकडून आधी मुलाला हाक ऐकू आली, "आरं, पोचली ती." मग मला म्हणाल्या, "बरं झालं. आता बसू नगंस तिथं. उजेड हाय तवर वेल्ह्यात उतर, आन् उतरलीस की परत फोन कर."