किती पिशव्या गेल्या त्या भावात?

[दृश्य : सोलापूर, सिद्धेश्वर बाजार समितीचं आवार. कांद्याचे लिलाव.]

कांद्याच्या लिलावात दोन आकडे प्रत्येकाच्या तोंडी असतात. आवक किती आणि भाव काय. शेतकरी सोलापूर जिल्ह्यातला असो की कर्नाटकातून गाडी घेऊन आलेला, नुसता कमाल दर ऐकून तो हुरळत नाही. तो दर मूठभर पिशव्यांना मिळाला, बाकीचा ढीग सर्वसाधारण दराने गेला, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो विचारतो : त्या भावात पिशव्या किती गेल्या?

शेअर बाजारात याच प्रश्नाचं उत्तर म्हणजे व्हॉल्यूम, दिवसभरात हात बदललेल्या शेअरची संख्या. कांदा, भुसार, सूत, चादर अशा धंद्यांत मुरलेली आपली माणसं मोबाइलवर चार रुपयांचा शेअर घेताना नेमकं हेच विचारत नाहीत. त्याचं फार वाईट वाटतं.

[दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. हातातला मोबाइल, जवळून.]

सव्वानऊ वाजून गेलेत. काल ४ रुपयांवर बंद झालेला शेअर आज ४ रुपये २० पैशांवर. बरोबर ५ टक्के वर, म्हणजे त्या शेअरच्या दिवसाच्या कमाल मर्यादेवर (अप्पर सर्किट). खरेदीच्या बाजूला दीड लाख शेअरची मागणी, विक्रीच्या बाजूला शून्य.

“मालक, अप्पर सर्किट लागलंय! उद्या पण लागतंय बघा.”

आता बोट जरा खाली सरकवू. आतापर्यंत प्रत्यक्ष हात बदलले ते फक्त ८ हजार शेअर. म्हणजे ३३ हजार ६०० रुपये. कंपनीचे १० कोटी शेअर धरले, तर एवढ्याशा पैशात तिचं बाजारमूल्य २ कोटींनी वाढलेलं दिसतं. रोज असंच सर्किट लागत गेलं, तर दहा दिवसांत भाव साडेसहा रुपयांच्या घरात. आणि ती दीड लाखाची मागणी? ती नुसती ऑर्डर आहे. सौदा होईपर्यंत ती कधीही मागे घेता येते.

याकोव्ह अमिहुद या अर्थशास्त्रज्ञाने २००२ साली यासाठी एक सोपं माप दिलं. भाव जितके टक्के हलला, त्याला त्या दिवसाच्या उलाढालीच्या रकमेने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितका तो शेअर थोड्या पैशांत हलणारा. चार रुपयांच्या शेअरमध्ये खरा धोका इथे असतो, भावाच्या आकड्यात नाही.

मग व्हॉल्यूम वाढला की निश्चिंत व्हायचं का? नाही. आपल्याच चार खात्यांत शेअर फिरवत ठेवले तरी व्हॉल्यूम दिसतोच. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या २००३ च्या नियमांत अशा बनावट सौद्यांना मनाई आहे, तरी ते होतात. मार्च २०२३ मध्ये सेबीने एका स्वस्त शेअरबद्दल अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर त्या कंपनीची भलामण करणारे व्हिडिओ आले, भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही उसळले, लहान गुंतवणूकदार लोंढ्याने शिरले आणि त्याच चढ्या भावात काही मोठ्या भागधारकांनी आपला माल काढला, असं त्यात नोंदवलंय. भाव वर थबकलाय, व्हॉल्यूम मात्र रोज फुगतोय, असं दिसलं की कुणीतरी माल खपवत असण्याची शक्यता धरायलाच हवी.

इथे जाणकारही फसतात, म्हणून थोडं थांबू. डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता खात्यात घेतलेल्या शेअरचं प्रमाण, जास्त असेल तर खरी खरेदी आहे, असं सांगितलं जातं. एरवी ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण अनेक स्वस्त शेअर देखरेखीखाली ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात टाकलेले असतात. तिथे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकून सौदा मिटवता येत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावीच लागते. मग टक्केवारी रोज शंभरच दिसणार! तो नियमाचा परिणाम आहे, कुणाच्या विश्वासाचा पुरावा नव्हे. आधी शेअरचा गट बघा, मग टक्केवारी.

शेअरचं विभाजन झालं तर शेअरची संख्या एकदम वाढते, तेव्हा उलाढाल रुपयांत मोजावी. एखाद्याने एका दिवसात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर घेतले किंवा विकले, तर ‘बल्क डील’ म्हणून त्याचं नाव एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) वेबसाइटवर त्याच संध्याकाळी येतं. तिथे विकणारे कोण, हे जरूर वाचावं.

[दृश्य : तोच मोबाइल. आता पडदा लाल.]

उतरतीला चित्र उलटं होतं. विक्रीला लाखो शेअर, खरेदीला शून्य. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर, लावलेला असतो, पण समोर घेणाराच नसेल तर ती ऑर्डर नुसती रांगेत उभी राहते. दुसऱ्या दिवशी आणखी ५ टक्के खाली, पुन्हा रांग.

म्हणून हिशेब शेअर घेण्याआधी करायचा. समजा तुमच्याकडे २० हजार शेअर आहेत, म्हणजे ४ रुपयांच्या भावाने ८० हजार रुपये. रोजचा सरासरी व्हॉल्यूम ८ हजार. भाव न पाडता विकायचं म्हणून रोज त्याचा दहावा हिस्सा, ८०० शेअर काढले, तर सगळे विकायला बाजाराचे २५ दिवस लागतील. शनिवार-रविवार धरून महिन्याहून जास्त.