लुईझ हॉलंडिना : लग्नाऐवजी कुंचला हाती धरलेली राजकन्या

नमस्कार. आज आपण सतराव्या शतकातील एका जर्मन राजकन्येविषयी बोलणार आहोत. तिने कधीही लग्न केले नाही, आणि तरुणपणी हाती घेतलेला कुंचला म्हातारपणापर्यंत खाली ठेवला नाही. तिचे नाव लुईझ हॉलंडिना. तिची चित्रे कितीतरी काळ तिच्या गुरूच्या नावावर जमा होत राहिली, म्हणून तिची ओळख नीट करून देणे मला आवश्यक वाटते.

लुईझचे वडील फ्रीडरिक पाचवे हे पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाचे इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या राजांपैकी एक होते. आई एलिझाबेथ स्टुअर्ट ही इंग्लंडच्या राजा जेम्सची मुलगी. फ्रीडरिकनी १६१९ मध्ये बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातील राज्याचा, मुकुट स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १६२० रोजी, प्रागजवळच्या लढाईत तो गमावला. पाठोपाठ स्वतःचे संस्थानही हातचे गेले. हे कुटुंब नेदरलँड्समधील द हेग येथे आश्रयाला आले आणि तिथेच १८ एप्रिल १६२२ रोजी लुईझचा जन्म झाला. हॉलंड प्रांताच्या प्रतिनिधिसभेने तिचे धर्मपालकत्व, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानद पालक होण्याची जबाबदारी, स्वीकारले. ‘हॉलंडिना’ हे नाव त्यावरूनच पडले.

(पडद्यावर: द हेगमधील दरबाराचे चित्र)

हा दरबार नावाला राजेशाही होता. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तिथून येणारी रक्कम आटली. लुईझची धाकटी बहीण सोफी हिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की आमच्या मेजवान्या क्लिओपात्रापेक्षाही श्रीमंती थाटाच्या होत्या, कारण त्यांच्यासाठी आम्हाला मोती आणि हिरे खावे लागत. दागिने विकून घर चालत होते, असा त्याचा अर्थ. अशा घरातील मुलींना हुंडा कुठून मिळणार? त्यात धर्माचा प्रश्न होता, कारण हे घर प्रोटेस्टंट होते. थोरली बहीण एलिझाबेथ हिला पोलंडच्या राजाचे स्थळ आले होते, पण त्यासाठी कॅथलिक होणे तिला मान्य नव्हते. ती अविवाहितच राहिली आणि तत्त्वज्ञ देकार्तशी झालेल्या पत्रव्यवहारामुळे ओळखली जाऊ लागली.

लुईझचा ओढा चित्रकलेकडे होता. उट्रेख्टचे नामवंत चित्रकार गेरार्ड व्हान होन्टहोर्स्ट या भावंडांना चित्रकला शिकवत. परागंदा राजघराण्याला व्यक्तिचित्रांची गरज केवळ हौसेपुरती नव्हती. नातेवाइकांना आणि पाठीराख्यांना स्वतःची व मुलांची चित्रे पाठवत राहणे, आपण अजून आहोत आणि आपला हक्क सोडलेला नाही याची आठवण देत राहणे, हा आई एलिझाबेथच्या राजकारणाचाच भाग होता. त्यामुळे होन्टहोर्स्टच्या चित्रशाळेत एकाच चित्राच्या अनेक प्रती तयार होत, आणि रेशमी वस्त्रावरची चमक कशी उतरवायची, हात कसे ठेवायचे, हे सगळे लुईझ अगदी जवळून शिकली.

सोफीने तिचे जे वर्णन केले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. ती सांगते की लुईझ चित्रकलेत इतकी बुडालेली असे की समोर नसलेल्या माणसाचेही हुबेहूब चित्र काढी. मात्र इतरांना रंगवताना तिचे स्वतःकडे लक्षच नसे, आणि तिचे कपडे कोणीतरी तिच्या अंगावर फेकले असावेत असे वाटे. राजकन्येच्या दिसण्यावर तिचे स्थळ ठरण्याच्या त्या काळात ही बेफिकिरी साधी नव्हती.

डिसेंबर १६५७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आईसाठी पत्र लिहून ठेवून ती कोणालाही न सांगता घरातून निघून गेली. अँटवर्पमार्गे फ्रान्सला पोहोचून ती कॅथलिक झाली. प्रोटेस्टंट पंथासाठी राज्य गमावलेल्या घराला हा मोठा धक्का होता. फ्रान्समध्ये तिला आधार मिळाला तो आधीच कॅथलिक झालेला भाऊ एडवर्ड आणि मामी हेन्रिएट्टा मारिया यांचा. ती केवळ चित्रांसाठी पळाली असे म्हणणे मला पटत नाही. तिची श्रद्धा खरी होती, आणि पुढच्या पन्नास वर्षांचे तिचे वागणे त्याची साक्ष देते. १६६० मध्ये तिने पोंत्वाझजवळच्या मोबुइसाँ येथील सिस्टर्शियन या कॅथलिक संन्यासी पंथाच्या मठात दीक्षा घेतली आणि १६६४ मध्ये ती त्या मठाची प्रमुख झाली.

मठात तिने चित्रकला सोडली नाही. उलट मठासाठी आणि आसपासच्या चर्चसाठी धार्मिक चित्रे रंगवली. तिची भाची लिझेलोट्टे फ्रान्सच्या राजाच्या भावाची पत्नी होती आणि या आत्याला भेटायला मठात जात असे. तिच्या पत्रांतून लुईझचा दिनक्रम कळतो. आजारी नसेल तर मांस खायचे नाही, दगडासारख्या कठीण गादीवर झोपायचे, खोलीत गवताने विणलेल्या खुर्च्यांपलीकडे काही ठेवायचे नाही, आणि मध्यरात्री प्रार्थनेसाठी उठायचे. एवढे करूनही आत्या नेहमी आनंदी असते, याचे लिझेलोट्टेला कौतुक वाटे. सोफीही १६७९ मध्ये जर्मनीहून बहिणीला भेटायला तिथे गेली होती.

या धर्मांतराचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. १७०१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजगादीचा वारसा सोफी आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशजांना दिला. त्या वेळी लुईझ हयात होती आणि सोफीपेक्षा आठ वर्षांनी मोठी होती, परंतु कॅथलिक असल्यामुळे तिचा विचारच झाला नाही. ११ फेब्रुवारी १७०९ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, ती मोबुइसाँ येथेच वारली.

तिची चित्रे गुरूच्या नावावर का गेली, हे आता सहज उमगेल. राजकन्या असल्याने चित्रांवर पोट भरण्याचा, म्हणजे बाजारात स्वतःचे नाव करण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रे घरातल्यांकडे आणि स्नेह्यांकडे राहत. त्यात शैली होन्टहोर्स्टच्या इतकी जवळची की पुढच्या पिढ्यांनी वेगळा हात शोधलाच नाही. अलीकडे अभ्यासक अशी चित्रे पुन्हा तपासत आहेत. तेव्हा एखाद्या युरोपीय संग्रहालयात पॅलाटिनेटच्या या भावंडांचे व्यक्तिचित्र दिसले आणि खाली होन्टहोर्स्टचे किंवा त्याच्या चित्रशाळेचे नाव असले, तर ते कोणी रंगवले असेल हा प्रश्न तिथल्या जाणकारांना अवश्य विचारा.