फॉर्मवर परत तेच का लिहायचं?

तुमची जन्मतारीख सरकारकडे आहे, पत्ता आहे, टॅक्स किती भरला तेही आहे, तरी प्रत्येक फॉर्मवर परत तेच लिहा आणि झेरॉक्स जोडा. म्हणजे सरकारचीच माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची हमाली आपण करायची, फुकटात, वर सुट्टी टाकून.

एस्टोनियानं ही हमालीच काढून टाकली. जेमतेम 13 लाखांचा देश. 2001 साली त्यांनी एक्स-रोड नावाची, सरकारी खात्यांचे डेटाबेस एकमेकांना जोडणारी व्यवस्था सुरू केली, आता हे काही ॲप नाहीये, आणि सगळ्यांचा डेटा एकाच गोडाऊनमध्ये भरलाय असंही नाही, ज्या खात्याचा डेटा त्याच्याकडेच राहतो, दुसऱ्याला लागला की तो सुरक्षित लाइनवरून मागून घेतो. एकच माहिती गोळा करायला दुसरा डेटाबेस काढायला तिथं कायद्यानेच बंदी आहे. 2019 पासून तर मूल झालं, नोंद झाली, की भत्त्यासाठी अर्ज करायचा नाही, सरकारच विचारतं, आईबापांनी फक्त हो म्हणायचं. आणि आपली माहिती कोणी उघडून बघितली तेही आपल्याला बघता येतं. मला विचाराल तर खरी कमाल ही.

पण म्हणून वेबसाइट काढली की झालं, असं नसतं हो. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 ला आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह सुरू झाली, लाखो लोक तुटून पडले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली 6 जणांची. सहा! कंत्राटदार ढीगभर, पण सगळं जोडून चालतंय का हे बघणार कोण, तेच धड ठरलेलं नव्हतं. उलट ब्राझीलच्या बाहिया राज्यात 1995 मध्ये वेगवेगळ्या खात्यांचे काउंटर नुसते एका छताखाली आणले, काही तर शॉपिंग मॉलमध्येच, आणि लोकांचे हेलपाटे वाचले.

बरं, काम सुधारलं हे मोजायचं कसं? इंग्लंडमध्ये इमर्जन्सीला आलेल्या पेशंटचं 4 तासांत काय ते करा असं टार्गेट दिलं. वेटिंग खरंच कमी झालं, हे मान्य करायला पाहिजे. पण काही हॉस्पिटलं पेशंटला बाहेर ॲम्ब्युलन्समध्येच थांबवून ठेवायला लागली, कारण घड्याळ सुरू व्हायचं तो आत आल्यावर. रजिस्टरच्या हिशेबानं तो पेशंट अजून पोचलेलाच नसायचा, आणि तेवढा वेळ ती गाडी पुढच्या कॉलला जाऊ शकायची नाही.