गाडी सोडतं कोण?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे दोन गाड्यांच्या उभ्या जागेवरून सरळ रेषेत पळण्याच्या शर्यतीत, इलेक्ट्रिक गाड्यांना जागा असावी का? माझं उत्तर ‘असावी’ असं आहे. ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांना भरपूर वेळ मिळेल. कुठल्या गटात असावी, हा खरा वादाचा मुद्दा. त्याकडे येतोच.

आधी आवाजाचं उरकू. टॉप फ्युएल, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान गटाची गाडी सुटते तेव्हा तो आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकायचा असतो. कबूल. इलेक्ट्रिक गाडी सुटली की टायर थोडे कुरकुरतात आणि मग शेजारच्याचा फोन वाजलेला ऐकू येतो. तेही कबूल. पण त्या गाडीच्या ज्या इंधनाला, नायट्रोमिथेनला, आपण या खेळाचा आत्मा म्हणतो, त्यावर एनएचआरएनं, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेनं, १९५७ साली चक्क बंदी घातली होती. वेग फार वाढले, झेपेना, म्हणून. ती उठायला साठचं दशक उजाडलं. तेव्हा ‘हे आपल्या परंपरेत बसत नाही’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, कुठल्या सालच्या परंपरेत?

आणि परंपरेचाच विषय निघाला, तर डॉन गार्लिट्सचं नाव घ्यावंच लागेल. माझ्या मित्रांनी हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की ते आता चहाला उठतील. उठू द्या. ‘बिग डॅडी’ गार्लिट्स हा या खेळाचा भीष्माचार्य. १९७० पर्यंतच्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे याच शर्यतीसाठी बांधलेल्या लांबुडक्या गाडीत, चालक अगदी मागे बसायचा, पुढ्यात इंजिन आणि दोन पायांच्या मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स. म्हणजे जे फुटण्याची सगळ्यात जास्त शक्यता, तेच मांडीला खेटून! त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर सुटल्या सुटल्या त्याचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. हा पडल्या पडल्या नवी गाडी डोक्यात जुळवत होता: इंजिन पाठीमागे, माणूस पुढे.

आता गंमत ऐका. ही कल्पना नवी नव्हती. आधीही काहींनी करून पाहिलेली, आणि त्या गाड्या सरळ जात नाहीत, नाक इकडेतिकडे मारतात, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. जाणकारांचं ठाम मत असलं की माझ्या पोटात गोळा येतो. गार्लिट्स आणि त्याच्या माणसांनी काय केलं? स्टीअरिंग मंद केलं. चाक जास्त फिरवायचं, गाडी कमी वळायची. बस्स. ते जमल्यावर गाडी दोरीत धावली. १९७१ मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा त्यानं याच गाडीनं जिंकली आणि काही वर्षांतच टॉप फ्युएलमधून पुढच्या इंजिनाच्या गाड्या नाहीशा झाल्या.

आणि हाच माणूस २०१४ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बॅटरीवरच्या ड्रॅगस्टरमध्ये बसला आणि ताशी १८४ मैलांनी गेला. २०१९ मध्ये पुन्हा बसला, १८९ ने गेला. वय सत्त्याऐंशी! नायट्रोचा धूर त्याच्याइतका छातीत भरून घेतलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्याला बॅटरीचं वावडं नाही आणि आपल्याला आहे.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली. ‘मुद्द्यावर या’ असं नाही लिहिलेलं, फक्त वेळ लिहिलीय. पण अर्थ पोचला.

तर मुद्दा. हौशी रेसिंग म्हणजे बहुतांशी ब्रॅकेट रेसिंग, आणि तिथे सगळ्यात वेगवान गाडी जिंकत नाही. तुम्ही आधीच काचेवर लिहिता, माझी गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ११.५० सेकंदांत जाईल. समोरचा लिहितो १५.२०. त्याला हिरवा दिवा तेवढ्या फरकानं आधी मिळतो. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे खेळ वेगाचा नाहीच, स्वतःच्या गाडीला ओळखण्याचा आहे.

यावर आक्षेप असा की इलेक्ट्रिक गाडी दर वेळी सारखीच पळते, मग अंदाज कसला? पेट्रोलवाला दिवसभर हवामानयंत्राकडे डोळे लावून बसतो, कारण हवा विरळ झाली की इंजिन मंदावतं. मोटरला श्वास घ्यावा लागत नाही, हे खरं. पण बॅटरी भरलेली असताना आणि निम्मी उतरल्यावर सारखा जोर देत नाही, आणि तापली की मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर हात आखडता घेतो. शेवटच्या फेऱ्यांत मधला वेळ कमी होत जातो. तेवढ्यात चार्ज करायचं की थंड करायचं? तोही अंदाजच झाला.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे ‘बॉक्स’चा गट असतो आणि ‘नो बॉक्स’चा. डिले बॉक्स पाहिलाय ना? चालक बटण दाबून धरतो, ट्रान्सब्रेक गाडी जखडून ठेवतो. हिरव्याआधीच्या पिवळ्या दिव्यांतला पहिला लागताच बटण सोडायचं, पण गाडी जागेवरच. डबा सेकंदाचे हजारावे भाग मोजतो आणि वेळ झाली की तोच सोडतो. हे चालत असेल, तर इलेक्ट्रिक गाडीचा संगणक चाकाची घसरण ओळखून जोर कमीजास्त करतो, यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? तिला सरळ बॉक्सच्या गटात घ्या. नो बॉक्समध्ये मात्र नाही, चालकानं ‘मी सगळं बंद केलंय’ असं शंभरदा सांगितलं तरी नाही. डब्याची वायर तपासनिसाला दिसते, सॉफ्टवेअर दिसत नाही, आणि रात्रीत आलेल्या अपडेटनं सकाळी गाडी वेगळीच झालेली असते. गट इंधनावर पाडू नका, गाडी सोडतं कोण यावर पाडा.

उरलेलं पळत पळत. वेग: टेस्लाची मॉडेल एस प्लेड शोरूममधून निघून पाव मैल सव्वानऊ सेकंदांच्या आसपास जाते. दहाच्या आत जाणाऱ्याला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, हवा, हा जुना दंडक. कंपनीच्या नव्या गाड्यांना थोडी सवलत मिळाली, तीही जपून वापरा. केज वेल्ड करायचा तो तळाला, आणि इथे तळाखालीच बॅटरी, तेव्हा ते काम हौशी हातांचं नाही. आग: लिथियमची बॅटरी विझली असं वाटून तासांनी पुन्हा पेटते, पाणी हजारो लिटर लागतं. तेवढी सोय नसेल त्या स्ट्रिपनं स्पष्ट ‘नाही’ म्हणावं, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. वीज तोडायचा स्विच कुठे आहे ते बाहेरून दिसलं पाहिजे, आणि नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या केबलला कुणी हात लावायचा नाही. आणि छतावर एक दिवा, गाडी ‘जिवंत’ आहे हे सांगणारा, कारण सुरुवातीच्या रेषेवर दोन गाड्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या स्टार्टरला, म्हणजे शर्यत सुरू करून देणाऱ्या माणसाला, इंजिनच्या आवाजावरून जे कळायचं, ते इथे कळत नाही. एवढं झालं की लावा रांगेत. प्रश्न घेऊ, अध्यक्ष?